निरोगी गटातला एकतीस नंबर

तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं सगळे म्हणायचे. ते तितकंसं खरं नव्हतं. शेंड्यावरचा राग एका शिंकेत उडून जातो. हिचा मुक्कामाला होता. शाळेत मास्तरांनी हजेरी घेताना नाव चुकीचं वाचलं म्हणून ही आठवडाभर "हजर" म्हणाली नव्हती. पहिल्या बाकावर, मास्तरांच्या डोळ्यांसमोर बसून हिने सहा दिवसांची गैरहजेरी लावून घेतली, पण माघार घेतली नाही. आई लवकर गेली होती. नऊ वर्षांनी मोठ्या बहिणीने, ताईने, हिला वाढवलं. पुढे लग्नाचा विषय निघाला तेव्हा हिने तो असा काही मोडीत काढला, की पुन्हा कोणी त्याच्या वाटेला गेलं नाही. "बरं झालं," ताई म्हणाली, "कुठेतरी एक माणूस वाचला."

पन्नाशी उलटली तरी ताईला ती "धाकटी"च होती. इस्पितळात मात्र तिचं नाव वेगळं होतं. डोळ्यांच्या विभागात बावीस वर्षं ती डोळ्याच्या आतले फोटो काढायची. अंधारी खोली, काळा पडदा, वर-खाली होणारं स्टूल आणि समोर कॅमेरा. माणसाने हनुवटी पट्टीवर ठेवायची, कपाळ पुढच्या कडीला टेकवायचं, आतल्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं आणि हलायचं नाही. एवढं शेवटचं कोणालाच जमायचं नाही. "हलू नका. हलू नका म्हटलं ना? अहो, हलू नका!" हे पडद्याबाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू यायचं. पेशंट येऊन विचारायचे, "त्या हलूनका बाई कुठे बसतात?" झालं, तेच नाव पडलं. एकदा कोणीतरी आभाराचं पत्र पाठवलं, पाकिटावर तेच. पोस्टमनने ते बरोबर आणून दिलं, आणि बाईंनी त्यालाही झापलं.

पण काम तिच्यासारखं कोणाचं नव्हतं. इतरांनी हात टेकलेली माणसं तिच्याकडे यायची. मान थरथरणारे म्हातारे, उजेडाला भिणारी माणसं, ज्यांच्या पापण्या शिंपल्यासारख्या मिटतात ती माणसं. विभागातले लोक म्हणायचे, बाई ओरडल्या की थरथरही घाबरून थांबते. खरं म्हणजे ती एका हाताने पापणी अशी अलगद उचलून धरायची की माणसाला कळायचंही नाही. सगळा कडवटपणा तोंडात होता. बोटांत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तिच्या खोलीत नवा कॅमेरा आला. त्याच्यामागोमाग एक नवा डॉक्टर आला, तिशीचा, नीटनेटका, बोलताना समोरच्याकडे न बघता पडद्यावरच्या आकड्यांकडे बघणारा. या कॅमेऱ्याने डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांमध्ये किती ऑक्सिजन आहे ते दिसायचं. एकाच फ्लॅशमध्ये तो दोन रंगांच्या उजेडात दोन फोटो घ्यायचा. ऑक्सिजन असलेलं रक्त लालभडक, वापरून झालेलं काळपट. दोन फोटोंतला फरक कॉम्प्युटर मोजायचा आणि प्रत्येक वाहिनी रंगवून दाखवायचा. धमन्या नारिंगी, शिरा हिरव्या, आणि कडेला टक्के. नव्वदच्या वर, पंचावन्न, साठ. नवा डॉक्टर दिवसभर तेच बोलायचा, म्हणून त्याला सगळे टक्केडॉक्टर म्हणायला लागले.

पेशंटला हे समजावून सांगायची बाईची स्वतःची रीत होती. "धमनीतून भरलेला डबा आत जातो. शिरेतून तो परत येतो. अर्धा खाऊन परत आला तर सगळं ठीक. चाटूनपुसून परत आला तर समजायचं, आत कोणीतरी उपाशी आहे."

टक्केडॉक्टरला हे आवडायचं नाही. "बाई, ते शास्त्रीय नाही."

"पण त्यांना कळतं," बाई म्हणायची.

त्याला आजारी डोळ्यांच्या जोडीला ऐंशी निरोगी माणसांचे डोळे हवे होते. फरक दाखवायचा तर चांगलं कसं दिसतं ते आधी माहीत पाहिजे. निरोगी माणसं इस्पितळात कशाला येतील? मग कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं, घरची, शेजारची माणसं आणा. चाळीशीच्या पुढची, चष्म्यापलीकडे डोळ्याची तक्रार नसलेली, कसली गोळी चालू नसलेली.

बाईने दाजींना आणलं. ताईचे यजमान. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं लेथवर काम करणारा माणूस. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा इकडचा तिकडे झाला तर त्यांना रात्रीचं जेवण जायचं नाही, एरवी भूकंप झाला तरी आवाज चढायचा नाही. ताई आणि धाकटी यांच्यामध्ये तीस वर्षं उशीसारखे बसलेले. डॉक्टरकडे ते कधीच गेले नव्हते, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

"काही दुखतं का?" स्टुलावर बसता बसता त्यांनी विचारलं.

"थेंब चुरचुरतात. बाकी काही नाही. चार तास जवळचं दिसणार नाही."

"मग पेपर कसा वाचू?"

"ताई वाचून दाखवेल."

"म्हणजे फक्त भाव वाढल्याच्या बातम्या," दाजी म्हणाले आणि थेंब घालून वीस मिनिटं झाल्यावर हनुवटी पट्टीवर ठेवली.

त्यांना हलू नका म्हणावं लागलं नाही. असा माणूस बावीस वर्षांत बसला नव्हता. जणू यंत्रालाच यंत्र जोडलं होतं. डावा डोळा झाला, उजवा झाला. कॉम्प्युटरने रंग भरायला सुरुवात केली. डाव्या डोळ्यात सगळं जागच्या जागी. उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला बाहेरच्या अंगाला जाणारी एक शीर हिरवी यायला हवी होती, ती गडद निळी आली. बाकीच्या शिरांमध्ये अठ्ठावन्न टक्के होते. हिच्यात सदतीस.

बाईने पुन्हा फोटो घेतला. अडतीस. तिसऱ्यांदा घेतला, सदतीस.

"झालं का?" दाजींनी विचारलं.

"झालं. बाहेर बसा."

तिने टक्केडॉक्टरला बोलावलं. त्याने पडदा बघितला, मान तिरकी केली, कपाळ चोळलं.

"एकतीस नंबर ना? हा निरोगी गटातला आहे."

"तेच म्हणते. मग ही शीर अशी का?"

"काहीही असेल. सॉफ्टवेअर. एखादं प्रतिबिंब. या मशीनवर अजून निदान करत नाहीत, बाई, हे संशोधनाचं आहे. हा फोटो वगळा."

"तीन वेळा काढला. तिन्ही वेळा तेच."

"मग तिन्ही वगळा. निरोगी गटात एवढा फरक बसतच नाही."

"त्यांना सांगायचं काय?"

"काहीच नाही. फॉर्मवर लिहिलंय, निकाल कळवले जाणार नाहीत म्हणून. त्यांनी सही केली आहे. आणि सांगणार काय? आपल्यालाच माहीत नाही. तुम्ही फोटोग्राफर आहात, चांगल्या-भल्या माणसाला घाबरवू नका."

इतर कोणत्याही दिवशी बाईने त्याला पडद्यात गुंडाळून बाहेर काढला असता. त्या दिवशी नाही काढला. ती "बरं" म्हणाली. आयुष्यात तिने किती वेळा "बरं" म्हटलं होतं ते मोजायला एक हात पुरला असता. यादीत एकतीस नंबरसमोर तिने "वगळला" अशी खूण केली, बाहेर आली आणि दाजींना काळा चष्मा दिला.

"कसे आहेत माझे डोळे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासारखेच. ढिम्म," ती म्हणाली. दाजी हसले.

पंधरा आठवडे गेले. एका सकाळी लेथवर उभे असताना दाजींना मोजपट्टीवरच्या खालच्या रेघा दिसेनात. त्यांना वाटलं, चष्म्याला तेल लागलं. चष्मा पुसला, तरी दिसेनात. मग त्यांनी एकेक डोळा मिटून बघितला. डाव्याने सगळं दिसत होतं. उजव्याने खालचं अर्धं जग राखाडी झालं होतं, मधोमध सगळं वाकडं. त्यांनी मशीन बंद केलं, हात धुतले, घरी येऊन ताईला म्हणाले, "चल, धाकटीकडे जाऊन येऊ," जणू चहालाच निघालेत.

बाईने स्वतःच फोटो काढला. या वेळी साधा. कॉम्प्युटरवर डोळ्याचा आतला पडदा उमटला. वरचा अर्धा भाग रक्ताने माखलेला, लाल शाईची दौत उपडी झाल्यासारखा. आणि त्या सगळ्याच्या मुळाशी तीच शीर, जाड, नागमोडी, तुंबलेली. या आतल्या पडद्याच्या वरच्या भागात बिघडलं की माणसाला खालचं दिसत नाही. तिला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तपासणीत दाजींचा रक्तदाब दोनशेच्या घरात निघाला. "कधीपासून आहे?" बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दाजी म्हणाले, "आजपासून." त्यांच्या दंडाला जन्मात पहिल्यांदाच पट्टा बांधला गेला होता. संशोधनाच्या फॉर्मवर प्रश्न होता, रक्तदाबाचा आजार आहे का? त्यांनी "नाही" सांगितलं होतं, प्रामाणिकपणे. मोजायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ज्याला काही माहीत नाही तो निरोगी, एवढा साधा हिशोब.

ताई बाहेर बाकावर बसली होती. बाईने तिला तिथेच सांगितलं, सगळं. चार महिन्यांपूर्वी काय दिसलं, कोण काय म्हणालं. ताईने ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "आणि तू?"

"मला सांगू नका म्हणाले."

"तुला सांगू नका म्हणाले," ताई म्हणाली. "आणि तू ऐकलंस. माझं ऐकलंस का कधी? बाबांचं? मास्तरांचं? जन्मात कोणाचं ऐकलं नाहीस, आणि ऐकायला तुला हाच दिवस मिळाला?"

बाईकडे उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाला म्हणून ती गप्प बसली नव्हती. दाजींना काही होऊ शकतं, हेच तिला नको होतं. डॉक्टरने काही नाही म्हटलं आणि तिने ते झेललं, भुकेल्याने भाकरी झेलावी तसं.

ताईने पर्स उचलली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

त्या दुपारी बाई टक्केडॉक्टरच्या टेबलासमोर उभी राहिली. खुर्ची त्याने दाखवली, ती तिने पायाने बाजूला सारली.

"एकतीस नंबर आला आहे. उजव्या डोळ्यातली शीर तुंबली. तीच."

त्याचा चेहरा उतरला, ते तिने पाहिलं. पण लगेच तो कॉम्प्युटरकडे वळला. "वाईट झालं. पण तो विश्लेषणात नव्हताच."

"नव्हता म्हणजे? तुम्ही काढला."

"बाई, तेव्हा कळवलं असतं तरी शीर तुंबणं थांबलंच असतं असं नाही."

"नसेल थांबलं. पण कोणीतरी दंडाला पट्टा बांधला असता की नाही? गोळी सुरू झाली असती की नाही?"

"हे तुम्ही भावनेने..."

"भावना गेल्या खड्ड्यात!" बाहेरच्या बाकांवरची कुजबुज बंद झाली. "निरोगी म्हणून घेतलात. निरोगी दिसत नाही म्हणून टाकलात. मग मधल्या मध्ये माणूस गेला कुठे?"

तो पडद्यावरचे आकडे वर-खाली करत राहिला. कोणी गप्प बसलं की बाईचा राग दुप्पट व्हायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पुढचे नऊ दिवस ती जेवणाच्या सुट्टीत कॅमेऱ्याच्या खोलीतच बसली. यादीत "वगळला" अशी खूण झाली तरी मूळ फोटो तिने कधीच पुसले नव्हते. मेहनतीने काढलेला फोटो पुसायचा म्हटलं की तिचा हात चालायचा नाही. निरोगी गटातले वगळलेले फोटो त्रेसष्ट निघाले. पापणी मिटली, डोळा हलला, मोतीबिंदूमुळे धूसर आला, अशी कारणं बहुतेकांना होती आणि ती खरी होती. दाजींना सोडून अकराजणांना कारण एकच होतं: "मूल्य मर्यादेबाहेर." अकरा माणसं. त्यात एक ग्रंथालयातला शिपाई, एक शाळेची गाडी चालवणारी बाई, तिच्याच विभागातल्या सफाईवाल्या मावशीचा भाऊ. तिने अकरा फोटो छापून घेतले. छपाईवाल्याने विचारलं, कोणाच्या परवानगीने? ती म्हणाली, माझ्या.

सोमवारी विभागाची बैठक असायची. विभागप्रमुख मोठ्या मॅडम, तीन डॉक्टर, परिचारिका, फायली धरून बसलेला कारकून. फोटोग्राफरला या बैठकीत कोणी बोलावत नसे. बाई गेली आणि टेबलावर अकरा फोटो मांडले.

मोठ्या मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, चष्मा लावला. "बाई, तुमच्या घरच्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं. पण संशोधनाला नियम असतात. निकाल कळवणार नाही, हे संमतिपत्रात स्पष्ट लिहिलं आहे. सगळ्यांनी वाचून सह्या केल्या आहेत."

"वाचून?" बाई म्हणाली.

"हो, वाचून."

"मॅडम, सह्या कधी घेतो आपण?"

मॅडमनी टक्केडॉक्टरकडे बघितलं. तो म्हणाला, "थेंब घातल्यावर. बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात फॉर्म भरून होतो. वेळ वाचतो."

"थेंब घातल्यावर," बाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढलेला नव्हता, ते जास्त भीतीदायक होतं. "थेंब घातल्यावर जवळचं एक अक्षर दिसत नाही. मी स्वतः सांगते प्रत्येकाला, चार तास वाचता येणार नाही. आणि मग त्याच्या हातात तीन पानं देते, बारीक टाइपातली, आणि म्हणते सही करा. मीच देते. माझ्या या हाताने. एवढ्या माणसांना दिली. दाजींना पण दिली. ते म्हणाले, कुठे करू? मी त्यांचं बोट धरून रेघेवर टेकवलं."

कारकुनाने फाईल मिटली. एक परिचारिका खाली मान घालून म्हणाली, "खरंय. आम्ही पण बोट टेकवतो."

मोठ्या मॅडमनी पहिल्यांदाच फोटो उचलले. एकेक करून बघितले, त्यातले दोन खिडकीपाशी नेऊन. मग टक्केडॉक्टरला विचारलं, "यांचे फोन नंबर आहेत?"

अकराही जणांना फोन गेले. दोघांचे नंबर बदललेले होते. एकाने शिव्या घातल्या आणि फोन ठेवला. आठ आले. सहाजणांच्या डोळ्यांत काही निघालं नाही. यंत्राचाच घोळ होता, म्हणजे टक्केडॉक्टर सहा वेळा बरोबर होता. शाळेच्या गाडीवालीचा रक्तदाब दाजींच्या तोडीस तोड निघाला. मावशीच्या भावाच्या रक्तात साखर सापडली. दोघंही म्हणाले, बरं झालं बोलावलंत. संमतिपत्र आधी आणि थेंब नंतर, असा लेखी आदेश निघाला. काही वेगळं दिसलं तर सांगायचं, हे नवीन वाक्य फॉर्मवर आलं. निरोगी गटातल्या प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधायचं ठरलं.

आणि बाईला मेमो मिळाला: अधिकार नसताना संशोधनाच्या नोंदी हाताळल्या आणि छपाई केली. खाली "वाचून सही केली" अशी जागा होती. तिने शिपायासमोर पेन उघडलं आणि आणखी तीन शब्द घातले: "थेंब न घालता." शिपाई दारातून बाहेर पडेपर्यंत हसू दाबून होता.

त्या संध्याकाळी ती ताईच्या घरी गेली. तीन आठवडे ताई तिच्याशी बोलत नव्हती, पण ही बातमी सांगितल्याशिवाय तिला राहवेना. ताईने दार उघडलं आणि आत निघून गेली. दाजी खिडकीशी बसले होते. डोळ्यात इंजेक्शन घेऊन दोन दिवस झाले होते, बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर लाल डाग होता. बाईने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, तिने काय उत्तर दिलं, मॅडमचा चेहरा कसा झाला, टक्केडॉक्टर कसा पाण्यात पडलेल्या मांजरासारखा दिसत होता. मेमोचंही सांगितलं. हात हवेत नाचत होते.

दाजी ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी हातातला पेला तिपाईवर ठेवला. तिपाईची कड त्यांच्या हिशोबाने जिथे होती तिथे नव्हती. पेला खाली पडून फुटला.

"मी उचलते," बाई वाकली.

"राहू दे!" दाजी ओरडले.

तीस वर्षांत त्या घरात हा आवाज कोणी ऐकला नव्हता. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकली.

"राहू दे ते," दाजी म्हणाले. "तू भांडलीस. जिंकलीस. छान झालं, लोकांचं भलं झालं. पण इथे येऊन किती वेळ तेच? आल्यापासून तुझाच राग, तुझा डॉक्टर, तुझा मेमो. डोळा माझा गेलाय, धाकटे. मला रागावायला जागाच ठेवली नाहीस तू. माणूस तुझ्यासमोर रागावणार कधी? आधीच सगळा राग तू वापरून टाकतेस."

बाई काचा हातात घेऊन तशीच उकिडवी बसून राहिली.

"मला लेथवरून काढलं," दाजी म्हणाले. "काढलं नाही, हलवलं म्हणतात ते. स्टोअरला. खिडकीत बसून हत्यारं द्यायची आणि परत घ्यायची. काल एका पोराने माझ्याच हातची घासलेली पट्टी मागितली, आणि मला तिचे आकडे वाचता आले नाहीत. पस्तीस वर्षं..." त्यांनी मूठ खिडकीच्या चौकटीवर आपटली. एकदा, मग आणखी दोनदा. ताई पुढे आली, पण बाईनेच तिला हाताने थांबवलं.

मग दाजी आपला नेहमीचा आवाज शोधत म्हणाले, "आमच्याकडे घडवलेला एखादा भाग, जॉब, रिजेक्ट झाला तर फेकत नाहीत. लाल खूण करून वेगळ्या पेटीत ठेवतात, बरोबर चिठ्ठी, का गेला म्हणून. तुमच्याकडे एवढी मोठी शिकलेली माणसं, आणि पेटी नाही?"

"नव्हती," बाई म्हणाली.

तिने काचा गोळा केल्या, फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली आणि घरी गेली. पुढच्या सोमवारी एक जाड वही आणली. वगळलेला प्रत्येक फोटो, त्याचं कारण, कोणी वगळला त्याची सही आणि माणसाला काय सांगितलं ते. टक्केडॉक्टरला पहिली सही करताना कोणत्या रकान्यात करायची ते कळेना. ती म्हणाली, "बोट टेकवू का?" तो लाल झाला, पण सही केली. त्यानंतर तो फोटो बघायला आला की माणसाचं वय, काम विचारायला लागला. याला सुधारणा म्हणावी इतकी बाई उदार नव्हती. पण तिने ते टिपलं होतं.

महिन्याभराने ताईचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "गुरुवारी यांचं इंजेक्शन आहे. तू आहेस का?"

"आहे."

"मग आधीचा फोटो तूच काढ. ती दुसरी फोटोवाली थेंब गालावर सांडते, आणि हे काही बोलत नाहीत." फोन बंद झाला. दोन इंजेक्शनांनी दाजींची मधली सूज उतरली होती, वाकड्या रेघा बऱ्याच सरळ झाल्या होत्या. खालचा राखाडी भाग तसाच राहिला. तो तसाच राहणार, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. गुरुवारी ताई आली, बाईशी एक शब्दही बोलली नाही, पण या वेळी तिच्याच बाकावर बसली.

पाऊण वर्षाने निरोगी गटात एक शिंपीण आली. साठीच्या आसपासची, ठसठशीत. फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन प्रश्न विचारले, मग सही केली. रक्तदाब उत्तम. डाव्या डोळ्यात खालच्या शिरेवर निळा तुकडा आला, चव्वेचाळीस टक्के.

टक्केडॉक्टर बैठकीत होता. बाईने वाट बघितली नाही. "तुमच्या डाव्या डोळ्यात एका ठिकाणी आकडा कमी दिसतोय," ती म्हणाली. "काही असेल, काही नसेल. डॉक्टर बघतील. पण मी बघितलं आणि बोलले नाही, असं व्हायला नको."

शिंपिणीचा चेहरा पांढरा पडला. "मी मदत करायला आले होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला घाबरवता? डोळ्यांवर माझं पोट आहे!" डॉक्टर येईपर्यंत ती थांबली नाही. जाताना खालच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकून गेली: फोटो काढणाऱ्या बाईंना बोलायचं कसं ते शिकवा.

दोन दिवसांनी मॅडमनी स्वतः फोन करून तिला परत बोलावलं. ती आली, चेहरा दगडासारखा. पुन्हा फोटो घेतला तर शीर हिरवीगार, सत्तावन्न टक्के. दोन्ही फोटो शेजारी लावल्यावर कारण दिसलं. पहिल्या फोटोत त्याच जागी एक फिकट धूसर पट्टा होता. कॅमेऱ्याच्या भिंगावर बोटाचा डाग पडला होता.

"काही नाही, सगळं ठीक आहे," बाई म्हणाली. "माझी चूक. भिंगावर डाग होता."

"दोन रात्री झोप लागली नाही मला," शिंपीण म्हणाली.

"नसेल लागली. परत दिसलं तर परत सांगेन."

शिंपीण तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी जळजळीत तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं आणि काळा चष्मा घेऊन निघून गेली. पडदा हलून पुन्हा जागेवर आला. बाईने वही ओढली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: भिंगावर बोटाचा डाग. चूक आपली. सांगितलं, घाबरल्या, रागावल्या. खाली सही केली. मग दोन्ही हात धुतले, भिंग उघडून दिव्याखाली धरलं, आणि कोण जाणे कोणाला शिव्या घालत, मधून कडेला, कडेवरून परत मध्ये, गोल गोल पुसायला बसली.